मोहोळ, मेंदू आणि दिवाणिया

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकून राहायची कुवेती लोकांना मोठी हौस. ते पाहून आम्हा बारा मराठी घरांनाही एका शुक्रवारी सहलीची हुक्की आली. कुवेतमधल्या साल्मिया भागातल्या एका घरी बैठक बसली. आमच्यात सर्वांत जुने असलेले काका, इथे तीस वर्षं काढलेले, ते पहिल्यांदा बोलले, "मुतल्याला जाऊ या." शेजारच्यांनी मान डोलावली, पलीकडच्या वहिनी "छान" म्हणाल्या, आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा बाराच्या बारा घरांचे हात वर झाले. माझाही झाला.

मुतल्याच्या कड्याशी पोहोचलो तर वारा असा सुटलेला की पोह्यांत वाळू. तंबू उभाच राहीना. दुपारी गाड्यांमध्ये बसून डबे उघडले आणि तेव्हा कुठे एकेकाला कंठ फुटला. कुणाला वफ्र्याच्या शेतांकडे जायचं होतं, कुणाला समुद्रकिनारी. मुतल्याला या दिवसांत वारा फार, हे तिघांना आधीपासून ठाऊक होतं. काका अगदी मनापासून म्हणाले, "अहो, मी आपलं सहज सुचवलं. कुणी काही बोललं नाहीत, म्हणून वाटलं तुम्हालाही तेच हवंय."

हवी ती माहिती त्या खोलीत होती. मतदान झालं, तेही बिनविरोध. तरी निर्णय असा निघाला की जो बारापैकी एकाही घराला हवा नव्हता.

आपल्या भाषेत याबद्दल दोन म्हणी आहेत आणि दोघी एकमेकींच्या विरुद्ध उभ्या आहेत. एक सांगते, पाचामुखी परमेश्वर. दुसरी म्हणते, बारभाईची खेती, काय लागेल हाती. अनुभव विचाराल तर दोन्ही खऱ्या. मग अनेकांनी मिळून ठरवताना परमेश्वर केव्हा बोलतो आणि खेती केव्हा बुडते? लोकशाही म्हणजे नुसती डोकी मोजणं असेल, तर याचं उत्तर मिळत नाही, कारण आमची डोकी तर बरोबर मोजली होती. उत्तर मोजणीच्या आधी काय घडतं त्यात आहे, असं मला गेली दोन वर्षं वाचताना वाटत आलंय. ते मला तीन ठिकाणी सापडलं: मधमाश्यांच्या थव्यात, आपल्या कवटीच्या आत, आणि आमच्या इमारतीसमोरच्या एका कुवेती घरात.

राणी राज्य करत नाही

वसंतात पोळं माश्यांनी गच्च भरलं की मोहोळ फुटतं. जुनी राणी आणि निम्म्याहून अधिक कामकरी माश्या घर सोडतात आणि जवळच्या एखाद्या फांदीला घडासारख्या लोंबकळतात. साधारण दहा हजार जीव, डोक्यावर छप्पर नाही. नवी ढोली शोधायला हाताशी फार तर काही दिवस. ढोली लहान निघाली तर हिवाळ्यापुरता मध साठणार नाही, तोंड मोठं निघालं तर थंडी आणि शत्रू आत शिरणार. चुकीच्या निवडीची किंमत सगळा थवा मोजतो.

राणी या निवडीत भागच घेत नाही. ती घडाच्या मध्ये बसून असते. 'राणी' हे नाव आपण माणसांनी दिलं. तिचं काम अंडी घालणं. बहुतेक कामकरीही शांत लटकून राहतात आणि पोटातला मध पुरवून वापरतात. शोधाला निघतात त्या काही शे टेहळ्या माश्या, थव्यातल्या वयाने मोठ्या, रानावनात फिरलेल्या.

हे कसं कळलं त्याची कथा हृद्य आहे. 1949 साली म्युनिकमध्ये मार्टिन लिंडाउअर नावाच्या तरुण संशोधकाला थव्याच्या अंगावर नाचणाऱ्या काही माश्या मळलेल्या दिसल्या. कुणी काजळीने काळी, कुणी विटेच्या भुकटीने लाल, कुणी पिठाने पांढरी. फुलावरून आलेली माशी अशी दिसत नाही. बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या शहरातली धुराडी, पडक्या भिंतींतली भोकं, पिठाच्या जागा या माश्या धुंडाळत होत्या. त्यांचा नाच अन्नाबद्दलचा नव्हता, घराबद्दलचा होता.

पुढे अमेरिकेतल्या टॉमस सीली यांनी काही दशकं या निवडीचा एकेक टप्पा उलगडला. हे प्रयोग युरोपीय मधमाशीवरचे आहेत. महाबळेश्वरजवळच्या मांघरच्या, 2022 मध्ये 'मधाचं गाव' ठरलेल्या गावाच्या पेट्यांतली सातेरी माशी तिची जवळची बहीण.

टेहळी माशी ढोलीत शिरते, अंधारात भिंतींवरून चालून पोकळी अजमावते. तिला आवडते ती साधारण 40 लिटरची जागा, लहान तोंडाची, जमिनीपासून उंच. परत येऊन ती नाचते. नाचाची दिशा सांगते कुठे जायचं, एका फेरीचा वेळ सांगतो किती लांब, आणि फेऱ्या किती घेतल्या त्यावरून कळतं की जागा किती चांगली. उत्तम जागेसाठी शंभरावर फेऱ्या, बऱ्या जागेसाठी थोड्या. म्हणजे ती मत देताना त्या मताचं वजनही प्रामाणिकपणे सांगते. आमच्या बैठकीत नेमकं हेच राहून गेलं होतं. हात एकतर वर असतो किंवा खाली. 'मला चालेल, पण वाऱ्याची भीती वाटते' हे हाताला सांगता येत नाही.

पाहणारी दुसरी टेहळी नाच बघून तसाच नाच सुरू करत नाही. ती स्वतः उडून त्या ढोलीत जाते, स्वतःच्या अंगाने ती मोजते आणि मग परतून स्वतःच्या अंदाजाइतकंच नाचते. मला या सगळ्या व्यवहारातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ऐकीव माहितीने तिला जायचं कुठे ते कळतं. मत मात्र ती पाहिल्यावर बनवते.

त्याहून नवल पुढे आहे. प्रत्येक खेपेला माशीचा नाच आपोआप कमी होतो, सरासरी पंधराएक फेऱ्यांनी. पाच-सहा खेपांनंतर ती गप्प होते, मग तिची जागा जिंकत असो वा हरत असो. त्यामुळे हट्टाने कुणी जिंकत नाही. चांगल्या जागेला नव्या साक्षीदार मिळत राहतात म्हणून ती टिकते, साधारण जागेचा नाच विझून जातो. शिवाय एका जागेच्या माश्या दुसऱ्या जागेसाठी नाचणारीला डोक्याने हलकी टक्कर देऊन बारीक 'पीप' असा आवाज करतात. त्याचा अर्थ 'थांब'. अशा टकरा पुरेशा बसल्या की नाचणारी नाच आवरते. सीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हे दाखवलं. दोन जागा सारख्याच चांगल्या असतील तर याच टकरांमुळे पेच सुटतो.

आणि निकाल? तो मोजला जातो, पण नाचाच्या मैदानावर नाही. एखाद्या ढोलीपाशी एकाच वेळी वीस-तीस टेहळ्या जमल्या की तिथल्या माश्यांना कळतं, गणपूर्ती झाली. आपल्या सोसायटीच्या सभेत 'कोरम झाला का हो?' विचारतात ना, तसंच; फरक इतकाच की ही गणपूर्ती प्रत्यक्ष जागा पाहायला आलेल्यांची असते. त्या परत येऊन एक वेगळा सूर काढतात, सगळा घड अंग तापवतो आणि दहा हजार माश्या एकदम उडतात. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या अ‍ॅपलडोर या जवळपास झाडं नसलेल्या बेटावर सीली यांनी थव्यांपुढे पाच पेट्या ठेवल्या, एक चांगली, चार बेताच्या. पाच वेळा हा प्रयोग केला, चार वेळा थव्याने चांगली पेटीच निवडली.

कवटीच्या आतली सभा

आता दुसरी सभा. पडद्यावर शेकडो ठिपके इकडेतिकडे भिरभिरत आहेत आणि त्यातले थोडेच एका दिशेने सरकत आहेत, अशी कल्पना करा. विचारलंय, कल डावीकडे की उजवीकडे? 1980 च्या दशकापासून विल्यम न्यूसम आणि पुढे मायकल शॅडलन यांनी माकडांना असे ठिपके दाखवले आणि त्या वेळी मेंदूतल्या एकेका मज्जापेशीचे विजेचे ठोके मोजले. मज्जापेशी म्हणजे मेंदूतल्या निरोप नेणाऱ्या पेशी. आपल्या डोक्यात त्या सुमारे 86 अब्ज आहेत. त्यांच्यात कुणीही अध्यक्ष नाही, अंतिम सही करणारी पेशी नाही.

मग 'उजवीकडे' असं ठरतं कसं? दोन घागरी डोळ्यांपुढे आणा. एक डावीची, एक उजवीची, दोन्ही थेंबथेंब भरणाऱ्या. डोळ्यांकडून आलेला प्रत्येक बारीक पुरावा म्हणजे एक थेंब. थेंब बेभरवशाचे असतात, चुकून भलत्या घागरीतही पडतात. घागरींवर एक खूण आहे; जी आधी खुणेपर्यंत भरेल तिचा निर्णय. आणि दोहोंमध्ये अशी व्यवस्था आहे की एकीत पाणी वाढू लागलं की दुसरीला गळती लागते. 'उजवी'च्या पेशी 'डावी'च्या पेशींना दाबतात आणि उलटही. ही गळती नसती तर दोन्ही घागरी सारख्याच भरत राहिल्या असत्या आणि आपण चौकात दोन रस्त्यांकडे बघत उभे राहिलो असतो.

माश्यांची 'थांब' म्हणणारी टक्कर आणि मज्जापेशींची ही दाबादाबी यांचं गणित जवळजवळ सारखंच निघालं. फांदीवरचा घड आणि कवटीतला दीड किलोचा गोळा, दोघांनी कोट्यवधी वर्षांत स्वतंत्रपणे एकच कार्यपद्धत शोधली. खुणेची उंचीही दोघांकडे कामाची ठरते. खूण खाली असली तर निर्णय झटपट होतो पण चुकतो. वर असली तर वेळ लागतो पण बरोबर निघतो. निर्णयाला वेळ का लागतो याचं हेच कारण: थेंब जमायला वेळ लागतो. 'चर्चा पुरे, मत टाका' असं घाईने म्हणणारा माणूस घागरीवरची खूण खाली ओढत असतो.

चौकट
थवा आणि मेंदू यांचे समान नियम
पुरावा अनेक जागांहून आणि एकमेकांवर अवलंबून न राहता यावा. प्रत्येकाने मत सांगताना खात्री किती तेही सांगावं. दुसऱ्याचं ऐकून पाहायला जावं, ऐकून मत बनवू नये. विरोधाला जागा असावी, कारण त्यानेच कोंडी फुटते. स्वतःचा आग्रह वेळेबरोबर ओसरू द्यावा. गणपूर्ती झाली की मात्र सगळ्यांनी एकत्र उडावं.

एकटं पडण्याची भीती कुठे असते

माणसाचा मेंदू इतका शहाणा असताना आमच्या बैठकीत बारा मेंदू का फसले? कारण मेंदूला आणखी एक काम आहे: कळपात राहणं.

2005 मध्ये अमेरिकेतल्या ग्रेगरी बर्न्स यांच्या चमूने लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून वळवलेल्या आकृत्या दाखवल्या आणि त्या सारख्या की वेगळ्या ते विचारलं. सोबतचे 'इतर खेळाडू' मुद्दाम चुकीचं उत्तर देत. बऱ्याच वेळा माणसं त्या चुकीच्या उत्तरामागे गेली. लक्षणीय गोष्ट अशी की मागे जाताना बदल दिसला तो आकार-अवकाश पाहणाऱ्या भागांत, आणि जे एकटे ठाम राहिले त्यांच्या मेंदूतला भीती-धोक्याशी जोडलेला बदामाएवढा भाग जागा झाला. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला की दबावाने माणूस नुसतं बोलतो वेगळं असं नाही, त्याला कदाचित दिसतंही वेगळं. आणि एकटं पडणं त्याला दुखतं. 2009 मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात असंही दिसलं की आपलं मत गटापासून वेगळं आहे हे कळताच मेंदू 'चूक झाली' असाच इशारा देतो, खेळात चुकल्यावर देतो तसा.

काकांनी पहिलं नाव घेतलं त्या क्षणी उरलेल्या अकरा घरांत हा इशारा वाजला असणार. आदरामुळे तो अधिकच मोठा वाजला. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना आधी बोलू देणं हा मान आहे आणि तो असावा. पण मोठ्यांनी मतही आधी सांगितलं की धाकट्यांच्या घागरी रिकाम्याच राहतात. गुप्त मतदानाची पेटी म्हणूनच इतकी मौल्यवान. पडद्यामागे गेल्यावर त्या बदामाला थोडी उसंत मिळते.

यंदा आम्ही बैठकीआधी प्रत्येक घराकडून चिठ्ठी घेतली: कुठे जायचं, का, आणि खात्री किती. दोन घरं आदल्या आठवड्यात जागा बघून आली. त्यांत एका घरातली चौदा वर्षांची मुलगी होती. तिने वारा, सावली आणि स्वच्छतागृह किती लांब, हे सगळं लिहून आणलं होतं. वफ्र्याला गेलो. काका दिवसभर लिंबाच्या सावलीत पत्ते खेळले.

दिवाणखान्याचं कुवेती भावंड

आता कुवेत. आमच्या इमारतीसमोर एक कुवेती घर आहे आणि त्याला रस्त्याकडून वेगळं दार आहे. ते दार दिवाणियाचं, म्हणजे बैठकीच्या खोलीचं. शब्द ओळखीचा वाटला ना? फारसीतला 'दीवान' आपल्याकडे दिवाणखाना झाला, दिवाणी न्यायालय झाला, आणि इथे दिवाणिया. 'नाखवा'ही तसाच, मोती काढायला जाणाऱ्या इथल्या जहाजांचा कप्तान 'नोखदा'. तेलापूर्वीचं कुवेत मुंबईकडे तोंड करून बसलेलं होतं. इथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात आणि 1961 पर्यंत इथल्या हातांत रुपयाच खेळत होता.

माझे पती त्या घरमालकांचे सहकारी, म्हणून अधूनमधून तिथे जातात. बायका पुरुषांच्या दिवाणियात सहसा बसत नाहीत. पण एकदा त्या कुटुंबाने आम्हाला दुपारी जेवायला बोलावलं तेव्हा मी ती रिकामी खोली पाहिली. लांबट खोली, भिंतींना लागून सलग बैठक, मध्ये मोकळा गालिचा. कुठल्याही जागेवरून सगळ्यांचे चेहरे दिसतात. पाठ कुणाचीच कुणाकडे नसते. कोपऱ्यात वेलची घातलेल्या कॉफीची चोचदार किटली आणि बिनकानाचे इवलेसे पेले. पेला नुसता हलवला की 'पुरे' असा अर्थ.

रात्री तिथे दहा-वीस जण येतात, तासभर बसतात, उठून दुसऱ्या दिवाणियात जातात. धंदा, लग्नं, मुलांची कॉलेजं, मंत्र्यांची कामं, सगळं बोलणं होतं. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार रोज रात्री एकीतून दुसरीत फिरायचे. एका खोलीत ऐकलेलं दुसऱ्या खोलीत तपासलं जायचं. टेहळ्या माश्यांची आठवण मला इथेच आली.

या खोल्यांनी आखातातली सर्वांत बोलकी संसद घडवली, असं म्हणायला हरकत नाही. 1938 मध्ये व्यापारी घराण्यांनी निवडलेलं 14 जणांचं विधिमंडळ जेमतेम सहा महिने टिकलं. 11 नोव्हेंबर 1962 ला, स्वातंत्र्यानंतर सुमारे दीड वर्षाने, शेख अब्दुल्ला अल-सालिम यांच्या काळात राज्यघटना आली आणि जानेवारी 1963 मध्ये 50 जागांच्या मजलिसची, म्हणजे संसदेची, पहिली निवडणूक झाली. कायद्याने मान्य असे राजकीय पक्ष इथे कधीच नव्हते. पक्षांचं पुष्कळसं काम दिवाणियांनी केलं. 1976 मध्ये आणि पुन्हा 1986 मध्ये अमीरांनी मजलिस विसर्जित केली. 1989 च्या डिसेंबरात माजी सदस्यांनी दर सोमवारी एकेका दिवाणियात जमायला सुरुवात केली, मागणी एकच, मजलिस परत द्या. जाहीर सभेवर बंधनं होती, पण घरच्या बैठकीचं दार बंद करणं रूढीच्या विरुद्ध. पोलिसांनी काही ठिकाणी ते केलंही. त्या सोमवारांची आठवण लोक अजून काढतात. मग ऑगस्ट 1990 मध्ये इराकी सैन्य घुसलं. मुक्तीनंतर, ऑक्टोबर 1992 मध्ये, निवडणूक झाली. समुद्रकाठची मजलिसची इमारत, सिडनीच्या ऑपेरा हाऊसचे वास्तुकार योर्न उट्झन यांनी तंबूच्या झुकत्या छतासारखी उभारलेली, माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने जाळली होती. ती पुन्हा उभी केली गेली.

छोट्या खोल्या का कामी येतात

2018 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला दिवाणियाची चावी वाटतो. अर्जेंटिनात ब्यूनस आयर्समधल्या एका सभागृहात 5,180 लोकांना अंदाजाचे प्रश्न विचारले, आयफेल टॉवरची उंची किती, अशासारखे. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर लिहिलं. मग पाच-पाच जणांच्या गटांनी बोलून एकेक उत्तर दिलं. निकाल असा की अवघ्या चार गटांच्या उत्तरांची सरासरी त्या सगळ्या हजारो एकट्या अंदाजांच्या सरासरीपेक्षा खऱ्याच्या जवळ होती.

एक प्रचंड सभा नको, एकेकटा माणूसही पुरेसा नाही. हवेत अनेक छोटे गट, एकमेकांपासून स्वतंत्र, आणि शेवटी त्यांची मोजदाद. लहान खोलीत माणूस कारण सांगतो, दुसरा विचारतो 'तुला कसं माहीत?', आणि कच्चा अंदाज गळून पडतो. खोल्या स्वतंत्र असल्या तर एका खोलीची चूक दुसरीत शिरत नाही. म्हणूनच मला आजच्या मोबाइलची काळजी वाटते. एकच संदेश रात्री आठ वाजता शंभर खोल्यांत पोहोचला तर खोल्या शंभर उरत नाहीत, एकच होते.

छोट्या गटातही एक खड्डा आहे. बहादूर बहरामी आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवलं की दोन माणसं अंधुक चित्र मिळून ओळखताना एकट्यापेक्षा सरस ठरतात, पण दोघांची नजर साधारण सारखी असेल आणि दोघं आपली खात्री खरी सांगत असतील तरच. एकाला खूपच कमी दिसत असेल तर जोडी चांगल्या नजरेच्या माणसापेक्षाही वाईट ठरते. पुढच्या अभ्यासात डेन्मार्क, इराण आणि चीन या तिन्ही देशांत दिसलं की माणसं सौजन्यापोटी दोघांच्या मताला सारखंच वजन देतात, एकाला फारसं कळत नाही हे उघड झालं तरी. माशी मात्र बेताच्या ढोलीसाठी कमीच नाचते.

मेंढा-लेखाचा अभ्यासगट

थव्याच्या या शिस्तीच्या सर्वांत जवळ गेलेलं जे मानवी उदाहरण मला ठाऊक आहे, ते आपल्याच गडचिरोलीत आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा, गोंडांचं छोटं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं त्याच्याशी जोडलेली. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावची घोषणा महाराष्ट्राला माहीत आहे. त्यामागची कार्यपद्धत कमी लोकांना माहीत आहे.

तिथे दोन वेगळ्या बैठका आहेत. एक अभ्यासगट: कायदा काय म्हणतो, जंगलात बांबू किती, हे समजून घ्यायला, हवा तो येतो, बाहेरचे जाणकारही येतात, पण तिथे निर्णय घेत नाहीत. दुसरी ग्रामसभा, बाया-पुरुषांची. निर्णय तिथेच, आणि तो सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलायचा आणि पुन्हा बोलायचं. टेहळणी एकीकडे, निवड दुसरीकडे. खूण मुद्दाम उंच ठेवलेली. वेळ लागतो, पण 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत हे गाव होतं, आणि 2011 मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेने मिळवला. जाणकाराला मान आहे, मात्र तो सभेच्या वतीने ठरवू शकत नाही.

खोलीबाहेर कोण राहिलं

माश्या बहिणी असतात. ढोली चांगली निघाली तर सगळ्यांचंच भलं. माणसांचं तसं नाही, आणि इथे निसर्गाचा दाखला जपून वापरायला हवा. केनियातल्या बबून माकडांच्या कळपाला जीपीएसचे पट्टे बांधून केलेला 2015 चा अभ्यास यासाठी उपयोगी पडतो. कळपातले दोन गट थोड्याशा वेगळ्या दिशांना निघाले तर बाकीचे मधली वाट धरतात. दिशांमधला कोन मोठा असला, सुमारे 90 अंशांपलीकडे, तर मधली वाट कुठेच जात नाही. तेव्हा कळप एकच दिशा निवडतो, बहुधा जिकडे जास्त जण ती. कुवेतमध्ये शहरी व्यापारी, टोळ्यांची घराणी, सुन्नी, शिया, सगळ्यांच्या दिशा आहेत आणि कोन कधी लहान, कधी मोठा. मोजणीचा नियम इथेच महत्त्वाचा ठरतो. 2006 नंतर प्रत्येक मतदाराला चार मतं होती. त्यातलं एखादं तो शेजारच्या गटातल्या भल्या माणसालाही देऊ शके. 2012 मध्ये चाराचं एक झालं. माझ्या मते एकच मत हातात असलं की माणूस ते आपल्याच लोकांसाठी राखून ठेवतो.

आणि ज्या दिशेला टेहळी गेलीच नाही, तिथली ढोली थव्यासाठी नसल्यातच जमा. 1999 मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रस्ताव इथल्या मजलिसमध्ये 32 विरुद्ध 30 असा दोन मतांनी पडला. 16 मे 2005 ला तो 35 विरुद्ध 23 असा मंजूर झाला. 2009 मध्ये चार स्त्रिया निवडून आल्या: मासूमा अल-मुबारक, असील अल-अवधी, रोला दश्ती आणि सलवा अल-जस्सार. निम्म्या देशाला जे दिसत होतं ते तोवर त्या सभागृहात थेट येतच नव्हतं.

आम्ही परदेशी तर मोजणीतच नाही. कुवेतमधल्या दर तीन माणसांतली साधारण दोन बिगरनागरिक, त्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा, सुमारे दहा लाखांचा. रुग्णालयाच्या रात्रपाळीत काय चालतं, उन्हाळ्यात दुपारी बांधकामावर काय होतं, ते आम्हाला सर्वांआधी दिसतं. मत नसणं मी समजू शकते. देश त्यांचा आहे. पण जे दिसतं ते सांगायला एक खोली असावी असं मनापासून वाटतं. मायदेशी मतदार यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर हजर व्हावं लागतं, आणि ऐन निवडणुकीत रजा कुणाला मिळते?

10 मे 2024 ला अमीर शेख मिशाल यांनी मजलिस विसर्जित केली आणि घटनेतली काही कलमं चार वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी स्थगित केली. उट्झनच्या त्या झुकत्या छताखाली सध्या निवडून आलेलं कुणी बसत नाही.

समोरच्या घराचं ते वेगळं दार मात्र रोज रात्री इशाच्या नमाजानंतर उघडतं. दाराबाहेर चपलांची रांग लागते, कुणीतरी किटली घेऊन आत जातो. परवा गच्चीत वाळलेले कपडे काढताना मी खाली पाहिलं. एकोणीस गाड्या होत्या, आणि विसावी वळणावर दिवे लावून जागा शोधत होती.